‘वाया गेलेली’ मुले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

किशोरवयीन गुन्हेगारीत १८ वर्षांखालील मुलामुलींच्या हातून घडलेल्या, कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांचा समावेश होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अशी ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. आदल्या वर्षी ती ३१,१७० होती. २०२२ मध्ये नोंदल्या गेलेल्या एकूण ५८ लाखांहून अधिक गुन्ह्यांत हे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का भरते. पकडलेल्यांत बहुसंख्य मुले १६ ते १८ या वयातली, आणि मुली फार थोड्या. हातात कोयते घेऊन गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ फिरू लागले की अख्खी पिढीच बिघडल्यासारखी वाटते. पोलिसांपर्यंत न पोचलेले गुन्हे जमेस धरले, तरी या आकड्यांतून तसा निष्कर्ष निघत नाही. मुले गुन्ह्याकडे कशी वळतात आणि त्यातून बाहेर कशी पडतात, याचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. त्यातून हाती आलेले चित्र कट्ट्यावरच्या चर्चेपेक्षा बरेच वेगळे आहे.

‘मूळचाच तसला, सुधारायचा नाही’

हा सर्वांत चिवट आणि मुलांचे सर्वाधिक नुकसान करणारा समज. गुन्ह्यांचे प्रमाण वयानुसार मांडले, तर ते बारा-तेराव्या वर्षापासून चढत जाते, सोळा-सतराच्या आसपास शिगेला पोचते आणि विशीत झपाट्याने उतरते. निरनिराळ्या देशांत हाच आलेख दिसला आहे. दक्षिण लंडनमधल्या कामगार वस्तीतील ४११ मुलांचा अभ्यास १९६१ मध्ये सुरू झाला, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पन्नाशीपर्यंत त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के जणांना कधी ना कधी शिक्षा झाली होती. पण एकूण शिक्षांपैकी निम्म्या शिक्षा अवघ्या ७ टक्के जणांच्या नावावर होत्या.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये याचा उलगडा मांडला. बहुसंख्य मुलांचे गुन्हे किशोरवयापुरतेच असतात. शरीराने ती मोठी झालेली असतात, पण मोठ्यांचे अधिकार, हातातला पैसा, घरातला शब्द यांतले काहीच मिळालेले नसते. चोरून चालवलेली गाडी, दारू, मारामारी यांतून मोठेपणाची चव मिळते. पुढे नोकरी आणि जबाबदारी आली की त्या उद्योगांची गरज उरत नाही. दुसरा गट अगदी लहान. या मुलांत चार-पाच वर्षांच्या वयातच अडचणी दिसू लागतात : कमालीचा चंचलपणा, उशिरा आलेली भाषा, पटकन भडकणे. नुसत्या अशा स्वभावाने कोणी गुन्हेगार होत नाही. त्या स्वभावाला थकलेले, चिडलेले घर मिळते. आरडाओरड वाढते, मूल आणखी हट्टी होते. शाळेत ते वर्गाबाहेर उभे राहू लागते आणि तिथे त्याला त्याच्यासारखेच दुसरे भेटतात. एका अडचणीतून पुढची निघत जाते.

खरी अडचण अशी, की सोळाव्या वर्षी हे दोन्ही गट वरून सारखेच दिसतात. एका घटनेवरून शिक्का मारला, तर दोन वर्षांत आपसूक सरळ झाला असता असा मुलगाही त्या शिक्क्यात अडकतो. गंभीर वळणावर गेलेली मुलेही कायम तिथेच राहत नाहीत. शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक यांनी सुधारगृहांत ठेवलेल्या बॉस्टनमधील ५०० मुलांच्या तपशीलवार नोंदी केल्या होत्या. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाब यांनी त्याच माणसांचा माग त्यांच्या सत्तरीपर्यंत काढला. बहुतेकांचे गुन्हे उशिरा का होईना थांबलेच. टिकाऊ नोकरी, सुखाचा संसार आणि सैन्यातली भरती हे त्यांच्या आयुष्यातले बदलाचे टप्पे ठरले होते.

‘गुन्हेगार वस्त्यांतूनच येतात’

गरिबी आणि गुन्हा यांचा संबंध आहे, पण तो सरळ नाही. शिकागोमध्ये क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांना दिसले, की काही वस्त्यांत किशोरवयीन गुन्ह्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जास्तच राहिले, तिथे राहणारे समाज मात्र एकामागून एक बदलत गेले. जे समाज तिथून बाहेर पडले, त्यांच्या मुलांतले प्रमाण घटले. म्हणजे दोष जातीत, वंशात वा रक्तात नव्हता. सतत होणारी स्थलांतरे, शेजाऱ्यांची नसलेली ओळख आणि पोरांवर नजर ठेवणारे कोणीच नसणे यांतून तो उगवत होता.

याहून बोलका पुरावा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातला आहे. तिथल्या चेरोकी आदिवासींच्या भूमीवर १९९६ पासून कॅसिनोच्या नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. योगायोगाने त्याच भागातल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास आधीपासून चालू होता. या पैशामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आलेल्या घरांतल्या मुलांत उद्दामपणा, चोऱ्या, मारामाऱ्या यांसारखी लक्षणे घटून कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे प्रसिद्ध केले. मुख्य कारण साधे निघाले : आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईला ‘पोराकडे लक्ष नाही’ म्हणून बोल लावणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवायला हवा.

‘आईबाप वेगळे झाले की पोर हाताबाहेर जाते’

भारतात पकडल्या जाणाऱ्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आईवडिलांसोबत राहणारी असतात. बेघर मुलांचे प्रमाण अगदी थोडे. लंडनच्या अभ्यासात मोडलेल्या घरांतील आणि आईबाप एकत्र असूनही सतत भांडणाऱ्या घरांतील मुलांत गुन्ह्यांचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. वडील सोडून गेल्यावर आईजवळ राहिलेल्या मुलांची स्थिती सलोख्याच्या घरांपेक्षा वाईट नव्हती. घरात माणसे किती, यापेक्षा ती एकमेकांशी कशी वागतात हे महत्त्वाचे.

शिस्तीचेही तसेच. अभ्यासांत वारंवार धोक्याची ठरली ती कठोर आणि त्याहून अधिक लहरी शिस्त : काल ज्या चुकीला पट्ट्याने मारले, आज तिच्याकडे काणाडोळा, आणि परवा समजूत घालायला नवा मोबाइल. अशा घरात मुलाला नियम कळत नाही, फक्त बापाचा मूड ओळखता येऊ लागतो. बालपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांचा कॅथी विडम यांनी अमेरिकेत अभ्यास केला. त्यातली सुमारे २७ टक्के मुले अठराच्या आत पकडली गेली. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. धोका वाढतो हे स्पष्ट आहे. पण छळ वा हेळसांड सोसलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश मुले अठराच्या आत त्या वाटेला गेली नाहीत, हेही तितकेच स्पष्ट आहे.

‘सोळाव्या वर्षी सगळे कळते’

शांत बसून विचार करायचा असेल, तर सोळा वर्षांच्या मुलाची तर्कशक्ती प्रौढांच्या जवळपास असते. बरे-वाईट त्याला कळते. कमी पडते ते ऐन क्षणी स्वतःला आवरणे. मेंदूचा कपाळामागचा, आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. बक्षिसाला, कौतुकाला भुलणारी यंत्रणा मात्र किशोरवयात जोरात असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून हे तपासले. पिवळा दिवा लागल्यावर किती वेळ रेटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. सोबती बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकटे असतानाच्या तुलनेत कितीतरी अधिक धोके पत्करले. प्रौढांवर सोबत्यांचा परिणाम जवळपास झालाच नाही.

शहरांतल्या दुचाकी चोरीचा एक नेहमीचा प्रकार या प्रयोगाशी जुळतो. तिघे-चौघे रात्री कट्ट्यावर बसलेले असतात. कोणीतरी डिवचतो, दुसरा हँडलवर लाथ मारून लॉक तोडतो, वायरी जोडल्या जातात, गाडी तिब्बल सीट फिरते आणि पेट्रोल संपले की रस्त्याकडेला टाकून दिली जाते. विकून पैसे करायचे हे कोणाच्या डोक्यातही नसते. त्यातला एकटा मुलगा त्या गाडीजवळून मुकाट पुढे गेला असता.

अशा वेळी मोबाइल गेमवर खापर फोडणे सोपे असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले, की हिंसक खेळांचा थोड्याफार आक्रमकपणाशी संबंध दिसतो, पण हिंसक गुन्ह्यांचे कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवायला पुरेसा आधार नाही.

‘एकदा तुरुंग दाखवा, ताळ्यावर येतील’

न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी मुलांना शिव्या घालून, धमकावून तुरुंगाची दहशत दाखवत. त्यावरच्या १९७८ च्या माहितीपटाला ऑस्करही मिळाले. पुढे अशा कार्यक्रमांची काटेकोर चाचणी झाली, तेव्हा दहशत घातलेल्या मुलांनी न घातलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचे दिसले. बिघडलेल्या मुलांना एकत्र कोंबणेही असेच अंगलट येते : एकाच्या फुशारकीला दुसरा दाद देतो आणि नवखा मुलगा मुरलेल्याकडून शिकून बाहेर पडतो. कुटुंबासकट मुलाबरोबर, त्याच्या घरी जाऊन काम करणाऱ्या उपचारांचे परिणाम याहून बरेच चांगले आहेत.

‘कायदा मुलांना मोकाट सोडतो’

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक अत्याचारानंतर ही भावना तीव्र झाली आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आला. किमान सात वर्षांच्या शिक्षेचा निर्घृण गुन्हा असेल आणि मुलाचे वय १६ ते १८ असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज यांची प्राथमिक तपासणी करते. त्यानंतर खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो. इतर प्रकरणांत मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. प्रौढ न्यायालयाने धाक बसतो, हेही गृहीतकच. जेफ्री फेगन यांनी न्यूयॉर्क आणि शेजारचे न्यू जर्सी यांची तुलना केली. लुटीच्या गुन्ह्यात प्रौढ न्यायालयात उभी केलेली न्यूयॉर्कची मुले बाल न्यायालयात गेलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात आणि लवकर पुन्हा पकडली गेली.

भारतीय कायद्यातली दोन कलमे फारशी चर्चेत येत नाहीत. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. कोयता पोराच्या हातात दिसतो, तो देणारा ‘भाई’ बहुधा सज्ञान असतो. दुसरी तरतूद सामाजिक तपासणी अहवालाची. मूल मंडळापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने घर, शाळा सुटण्याचे कारण, मित्र, व्यसने, कोणी वापर करून घेतला का, हे सारे शोधून मांडायचे असते. त्या अहवालासाठी घरी आलेल्या अधिकाऱ्याशी शेजाऱ्यांनी आणि शिक्षकांनी मोकळेपणाने बोलावे, आणि मूल परत आल्यावर शाळेने त्याला पुन्हा वर्गात घ्यावे.