दोघांची होडी, मुंबई ते गोवा

शिडाच्या छोट्या होडीतून नवरा-बायकोने मुंबई ते गोवा जाणं खरंच शक्य आहे! अंतर 200 सागरी मैलांहून थोडं जास्त. ताशी 5 मैलांनी रोज 30-35 मैल केले, तर आठवडाभरात पोचता येतं.

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे खरे उपयोगी पडतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मंद वारा येतो, दुपारनंतर वायव्येचा जोर धरतो. दक्षिणेला जाणाऱ्यासाठी तो पाठीशी. परतताना मात्र तोच नाकासमोर, म्हणून बरंचसं अंतर इंजिनावर.

मुक्कामाला जयगड, विजयदुर्ग, देवगड. त्यात विजयदुर्गाची खाडी मला सर्वांत आवडते. मराठा आरमाराने ती उगाच निवडली नव्हती. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडायचा, आणि खोली भरतीची धरायची.

रात्री चालू नका. मच्छीमारांची जाळी अंधारात दिसत नाहीत, पंख्यात अडकली की होडी जागच्या जागी थांबते. एकाने सुकाणू, दुसऱ्याने पुढे नजर. दोन-दोन तासांनी अदलाबदल. जून ते सप्टेंबर होडी किनाऱ्यावरच.