बापाची बाटली आणि लेकराची वही

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक गोष्ट जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितली जाते. भीमरावाला पुस्तक हवे असे आणि सुभेदार रामजींच्या खिशात पैसे नसत. मग ते आपल्या विवाहित लेकींकडे जात, उसने पैसे घेत किंवा एखादा दागिना मागून तो गहाण टाकत आणि पुस्तक घेऊनच घरी येत. परळच्या चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब राहत होते. मुलाला लवकर झोपवून रामजी स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवीत. रामजी कबीरपंथी होते. त्या घरात दारूला थारा नव्हता.

ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत काही लेकरे अशीही असतात, ज्यांच्या घरातला दागिना गहाण पडलेला असतो, पण पुस्तकासाठी नव्हे. रात्री दोनला तीही जागी असतात, पण अभ्यासासाठी नव्हे. बाप घरी आला नाही म्हणून, किंवा आला म्हणून! आज आम्हाला या लेकरांविषयी बोलायचे आहे. दारूविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले, पिणाऱ्याविषयी बोलले गेले, मार खाणाऱ्या बायकोविषयीही थोडेफार बोलले गेले. त्याच खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या लेकराचे काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

प्रश्न किती मोठा आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडून देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाख जणांचे पिणे मदतीची गरज पडावी अशा थराला गेले आहे, असे तो अहवाल सांगतो. या ५ कोटी ७० लाखांतले बहुतेक कोणाचे तरी बाप आहेत. त्यांची लेकरे किती, हे वाचकांनीच मनाशी मोजून पाहावे.

दारू फक्त वस्तीत प्याली जाते, असा प्रचार करणाऱ्यांची आम्हाला कीव येते. परमिट रूमच्या काचेआड बसणारे कोण असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. फरक पिण्यात नाही, घरात आहे. बंगल्यातला बाप पिऊन आला तर पोराला स्वतःची खोली असते, खोलीला दार असते, दाराला कडी असते. आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत आईची चूल, बापाची बाटली आणि लेकराची वही एकाच दिव्याखाली असते. ते लेकरू कोणते दार लावून घेईल?

आम्ही वस्त्यांमधून फिरतो तेव्हा ही मुले लगेच ओळखू येतात. बाप गल्लीच्या तोंडाशी आला की त्याच्या चपलेच्या आवाजावरून आज किती झाली आहे, हे त्यांना कळते. आईने पिठाच्या डब्यात लपवलेले पैसे कुठे आहेत, हे त्यांना माहीत असते आणि मार खाऊनही ती ते सांगत नाहीत. गुत्त्यावरून बापाला धरून आणायचे काम थोरल्या मुलाचे. धाकट्यांना जेवू घालून शेजारणीच्या घरी निजवायचे काम थोरल्या मुलीचे. ती बारा वर्षांची असते आणि घराची आई झालेली असते. शाळेत पालकांना बोलावले की मूल खोटे सांगते, "बाप गावाला गेला आहे." मित्राला ते कधी घरी नेत नाही. आईने बजावलेले असते, घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही. बाहेर मात्र सगळ्यांना माहीत असते आणि सगळे मिळून त्याला एकच नाव ठेवतात, "बेवड्याचं पोर"!

या मुलांच्या मनात एक काटा असतो. आपण गणितात नापास झालो म्हणून बाप प्याला, आपण उलट बोललो म्हणून प्याला, असे त्यांना खरोखर वाटत असते. कारण बापानेच तसे सांगितलेले असते. त्यातच बापावर त्यांची मायाही असते. न प्यालेल्या दिवशी हाच बाप खांद्यावर घेतो, भेळ आणतो. मग रागावे की प्रेम करावे, हे त्या लेकराला कळत नाही. पुढे कोणी गप्प होतो, कोणी मारामाऱ्या करतो. मुलगी घरातून सुटायचे म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्नाला होकार देते. आणि समाज म्हणतो, खाण तशी माती.

खाण तशी माती! ही म्हण ज्यांनी पिढ्यान्पिढ्या आमच्यावर फेकून मारली, त्यांचीच म्हण आपण आपल्या लेकरांवर फेकतो, याची लाज वाटली पाहिजे. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरते, हे आपण नाकारले ना? मग दारुड्याच्या घरी जन्मलेल्या मुलाबाबत ते कसे मान्य करता?

आणि ते खरेही नाही. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशके केला. बेटावरची बरीच कुटुंबे उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांची होती. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणे, आईबापांची दारू किंवा मानसिक आजार असे अनेक भोग एकदम आले होते. त्यांतलीही जवळजवळ एक तृतीयांश मुले पुढे धडधाकट मनाची, जबाबदार, मायाळू माणसे झाली. त्यांना कशाने तारले, याचा शोध घेतला तेव्हा इतर गोष्टींबरोबर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचे निदान एक मोठे माणूस होते. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचा शिक्षक, कोणाचा शेजारी.

एक माणूस! कोट्यवधींची योजना लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही. रोज भेटणारे, न पिणारे, शब्द पाळणारे एक माणूस लागते.

काही बांधव म्हणतील, दारूच बंद करा म्हणजे प्रश्न मिटेल. दारूबंदीच्या लढ्याला आमचा पाठिंबाच आहे. गुत्त्यावर मोर्चे नेणाऱ्या, आडव्या बाटलीला मत देणाऱ्या मायमाऊल्यांना आमचा जयभीम आहे. पण इतिहास काय सांगतो? गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायांनी वर्षानुवर्षे आंदोलन करून २०१५ साली ती मिळवली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. २०१५ सालच्याच जून महिन्यात मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली. राज्यघटनेचे ४७ वे कलम सरकारला दारूबंदीसाठी प्रयत्न करायला सांगते आणि सरकार तिजोरीकडे पाहते. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने मद्यावरचे शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींची जादा भर पडेल, असा हिशेब मांडला गेला. त्या हिशेबात दारुड्याच्या लेकरांच्या नावाने किती रुपये धरले, हे विचारायला हवे आणि आम्ही ते विचारत राहू. पण दहावीची परीक्षा सरकारच्या निर्णयासाठी थांबत नाही. लेकराला मदत आज रात्री हवी आहे.

दुसरे काही म्हणतील, बापाला व्यसनमुक्ती केंद्रात घाला. जरूर घाला. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतो. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. पण बाप उपचाराला तयार होईपर्यंत वर्षे जातात. तो सुधारून परत आला तरी लेकरू कितीतरी दिवस चपलेचा आवाज ऐकतच असते. बापाची दारू सुटणे आणि लेकराची भीती सुटणे, ही दोन वेगळी कामे आहेत. हे ओळखूनच १९५७ साली अमेरिकेत दारुड्यांच्या किशोरवयीन मुलांनी एकत्र बसून आपले मन मोकळे करण्यासाठी अलाटीन नावाचे गट सुरू झाले.

मग आपण काय करावे? आमची सूचना साधी आहे. जवळजवळ प्रत्येक वस्तीत आपले बुद्धविहार आहे. ते समाजाच्या वर्गणीतून, कष्टकऱ्यांच्या घामातून उभे राहिले आहे आणि वर्षातले बहुतेक दिवस त्याला कुलूप असते. ते कुलूप रोज संध्याकाळी सात वाजता काढा आणि दहापर्यंत दार उघडे ठेवा. दारू घरी येण्याची हीच वेळ आहे. एक ट्यूबलाइट, चार चटया, पिण्याचे पाणी आणि जमले तर मूठभर चिवडा, एवढे पुरे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे उडते, तेवढ्यात विहाराचे विजेचे बिल कित्येक महिने भरता येईल.

तिथे दोन माणसे रोज बसतील, त्यांत एक बाई असेलच. दार उघडे राहील आणि कोणीही मोठे माणूस मुलासोबत एकटे राहणार नाही, हा नियम कडक पाळा. "दारुड्यांच्या मुलांसाठी" अशी पाटी चुकूनही लावू नका. अभ्यासिका म्हणा, म्हणजे सगळीच मुले येतील आणि कोणालाही मान खाली घालावी लागणार नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते आपणहून बोलले तर त्याला तीनच गोष्टी सांगा. बापाच्या पिण्यात तुझा दोष नाही. त्याचे पिणे थांबवणे तुझ्या हातात नाही. तुझा अभ्यास, तुझे जेवण, तुझी झोप यांची काळजी घ्यायला आम्ही आहोत. बापाला शिव्या देऊ नका. त्या लेकराला लागतात.

कायदाही माहीत असू द्या. मुलांना दारू देणे आणि मुलांकडून दारू विकून घेणे किंवा त्यांच्या हातून तिची ने-आण करवणे, हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोराच्या हातात क्वार्टर देणाऱ्या दुकानदाराला हे एकदा समजावून सांगा आणि नाही ऐकले तर तक्रार करा. मुलाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका दिसला तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत. मूल स्वतःही फोन करू शकते. विहाराच्या भिंतीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा.

आणि शेवटचे, थोडे कडू. पंचशीलातले पाचवे शील दर आठवड्याला म्हणायचे आणि मिरवणुकीत झिंगून नाचायचे, हे लेकरे पाहत असतात. जो कार्यकर्ता स्वतः पितो, त्याने या अभ्यासिकेची किल्ली मागू नये. किल्ली कोणाकडे द्यायची, हे येत्या रविवारच्या वंदनेनंतर ठरवा. वही घेऊन येणारे पहिले लेकरू सोमवारी संध्याकाळी दाराशी उभे असेल.