दगडी झाली की लगेच ट्यूब?
दुधात गाठी दिसल्या की अँटिबायोटिकची ट्यूब सडात चढवायची, ही घाई मला पटत नाही. सौम्य दगडीत ई. कोलाय जंतू असेल तर गाय बहुधा स्वतःच त्याला परतवून लावते. स्ट्रेप्टोकोकस असेल तर मात्र औषध लागतंच. नुसत्या दुधाकडे बघून हा फरक कळत नाही, म्हणून औषधाआधी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. ‘तोवर सड जाईल’ ही भीती खोटी नाही. ताप आला, गायीनं चारा सोडला, तर थांबूच नका, डॉक्टरांना बोलवा. पण ती निवांत रवंथ करत असेल तर एक दिवस कळ काढता येते. आणि हो, ट्यूब एकाच सडाला दिली तरी वेष्टनावरचे दिवस भरेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका. उकळून औषधाचा अंश जाईलच असं नाही.