व्यवसायसंस्थांची विस्मृत ऑनलाइन खाती : एक दुर्लक्षित धोका

प्रस्तावना :
वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली या परिसरात लघुउद्योगांचे गाळे मोठ्या संख्येने आहेत. गेल्या दोन दशकांत अशा उद्योगांचे बँकव्यवहार, करभरणा, भविष्य निर्वाह निधी आणि पत्रव्यवहार ऑनलाइन झाले. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र खाते उघडले गेले; परंतु गरज संपल्यावर ते बंद करण्याची शिस्त फारशी रुजली नाही. कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा गाळ्याची किल्ली आठवणीने परत घेतली जाते, पासवर्ड मात्र त्याच्याजवळच राहतो. प्रस्तुत लेखात या विस्मृत खात्यांपासून संभवणाऱ्या धोक्याचे विवेचन केले आहे.

धोक्याचे स्वरूप :
विस्मृत खाते प्रामुख्याने तीन कारणांनी असुरक्षित ठरते. पहिले, त्याचा पासवर्ड जुना असतो व पुष्कळदा तोच अन्यत्रही वापरलेला असतो. तेथून तो फुटल्यास हे खातेही उघडे पडते. दुसरे, त्यावर द्विस्तरीय पडताळणी क्वचितच असते. सोडून दिलेल्या खात्यांवर ती असण्याची शक्यता किमान १० पटींनी कमी असते, असे गुगलने मे २०२३ मध्ये नमूद केले होते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरणही गुगलने तेव्हाच जाहीर केले. मात्र संस्थांची खाती त्यातून वगळली आहेत. तिसरे, अशा खात्याकडे कोणाचेच लक्ष नसल्याने घुसखोरी उघडकीस येत नाही.

उदाहरणे :
अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी ७ मे २०२१ रोजी सायबर हल्ल्यामुळे बंद करावी लागली. हल्लेखोरांनी वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून प्रवेश मिळविला होता. त्या खात्यास पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली.

आपल्याकडील प्रश्न अधिक साधा, पण तितकाच गंभीर आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणी करताना काही मध्यस्थांनी व्यापाऱ्यांच्या वतीने स्वतःचाच ईमेल व मोबाइल क्रमांक नोंदविला आणि पुढे खात्याचा तपशील दिला नाही, अशा तक्रारी आल्या. त्यामुळे जून २०१८ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाला कर अधिकाऱ्यामार्फत हा तपशील बदलण्याची कार्यपद्धती जाहीर करावी लागली. खाते व्यापाऱ्याच्या नावे असले, तरी ओटीपी ज्याच्या हाती पडतो तोच त्याचा खरा ताबेदार ठरतो, हे यावरून दिसते.

उपाययोजना :
सर्व खात्यांची एक नोंदवही ठेवावी. तीत खात्याचा हेतू, जबाबदार व्यक्ती आणि जोडलेला ईमेल व मोबाइल क्रमांक लिहावा. खाती कर्मचाऱ्याच्या वा सल्लागाराच्या वैयक्तिक ईमेलवर न उघडता संस्थेच्या ईमेलवर उघडावीत. कर्मचाऱ्याचा अंतिम हिशेब करण्यापूर्वी त्याचे सर्व प्रवेशाधिकार रद्द करावेत. दर सहा महिन्यांनी नोंदवही तपासून निरुपयोगी खाती, आवश्यक माहिती जतन करून, बंद करावीत.

निष्कर्ष :
एप्रिल २०२२ मधील सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. परंतु ज्या खात्याचे अस्तित्वच विस्मरणात गेले, तेथील घटना लक्षात येणार कशी? म्हणूनच सुरक्षेचा आरंभ महागड्या साधनांपासून नव्हे, तर आपल्या खात्यांच्या साध्या यादीपासून व्हावयास हवा. लघुउद्योजकालाही हे सहज शक्य आहे.