लाल सोनं : नॅनो म्हणजे नक्की काय?

पीएचडीला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "नॅनो म्हणजे खूप लहान ना?" हो, पण नुसतं लहान असून भागत नाही. लहान झाल्यावर पदार्थ वेगळा वागायला लागतो, खरी गंमत तिथे आहे.

आधी मापाचं बघू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपलं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे सेकंदाला जवळपास १ नॅनोमीटर. हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमचं नख दहाबारा नॅनोमीटर वाढलंसुद्धा.

आता सोनं घेऊ. अंगठीतलं सोनं पिवळं. त्याचेच १५-२० नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये हे लाल द्रावण अभ्यासलं आणि रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो हे ओळखलं. कारण असं: सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात. एवढ्या छोट्या कणात हा हेलकावा ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा शोषला जातो, उरलेला लालसर आपल्याला दिसतो. कण एकमेकांना चिकटले की हे गणित बदलतं आणि द्रावण जांभळं-निळं होतं.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची, ही स्वतः कागदावर करून बघा. १ सेंमी बाजूचा घन घ्या. पृष्ठभाग ६ चौरस सेंमी. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे सात बॅडमिंटन कोर्टं! वस्तुमान तेवढंच. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडतात, म्हणून उत्प्रेरकवाल्यांना नॅनोचं एवढं वेड.

उपयोग? मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बऱ्याचदा याच सोन्याच्या कणांची असते. कणांवर अँटिबॉडी बसवलेली असते, ती लघवीतलं एचसीजी हार्मोन पकडते आणि कण रेघेवर जमा होतात. कोविडच्या एमआरएनए लशीतला रेणूही मेदाच्या नॅनोकणांत गुंडाळलेला होता. बाकी डब्यावर 'नॅनो' छापलंय म्हणून भुलू नका. कणाचा आकार किती आणि तो कशाने मोजला, हे आधी विचारा.

हे कण बनवायची पद्धत दिसायला अगदी सोपी. क्लोरोऑरिक आम्लाचं पातळ द्रावण उकळायचं, त्यात ट्रायसोडियम सायट्रेट घालायचं. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट होतं, मग वाइनसारखं लाल. माझं पहिलं द्रावण मात्र जांभळं झालं आणि संध्याकाळपर्यंत तळाशी गाळ! तीन आठवडे मी सायट्रेटचं प्रमाण बदलत बसलो. शेवटी सिनियर ताईने एकच विचारलं, "बीकर शेवटी कशाने खंगाळलास?" नळाच्या पाण्याने. वहीत ते लिहिलेलंच नव्हतं, कारण बीकर धुणं हा प्रयोगाचा भाग आहे असं वाटलंच नव्हतं. आता डीआयोनाइज्ड पाण्याशिवाय काचेला हात लावत नाही, आणि धुण्याची पद्धतही वहीत तारखेसकट लिहितो.

नळाच्या पाण्याने काय बिघडलं? सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो, म्हणून कण एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यातले क्षारांचे आयन हा भार झाकतात, कण जवळ येतात आणि चिकटतात.

लॅबमध्ये संधी मिळाली तर दोन कुप्यांत हे लाल द्रावण घ्या. एकीत मिठाचं पाणी घाला, दुसरीत साखरेचं. मिठाची कुपी निळी पडेल, साखरेची लालच राहील. का, ते इंटरव्ह्यूला जाण्याआधी स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे.