नेटवरून फोन लावता, पण समोरच्याला नंबर कोणाचा दिसतो? कॉलर आयडीची सेटिंग समजून घ्या

माझी मावशी अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, कॅनडात नोकरीला आहे. एका पावसाळ्यात काकांना अचानक संगमनेरला दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. त्या रात्री दादाने मावशीला सात वेळा फोन लावला आणि मावशीने सातही वेळा कट केला.

मी विचारलं तर म्हणाली, "अरे, दर वेळी नवाच नंबर. पोलीस आहे म्हणून सांगतात आणि पैसे काढून घेतात म्हणे. तूच तर सांगितलं होतंस ना, असले फोन उचलू नको म्हणून!"

बरोबरच होतं तिचं. मावशीकडे बटणाचा फोन आहे, त्यामुळे व्हॉट्सॲपचा प्रश्नच नाही. दादा नेटवरून फोन लावणारं एक ॲप वापरतो. पैसे कमी लागतात म्हणून परदेशातली बरीच मुलं हेच करतात. गडबड होती ती त्या ॲपमधल्या एका सेटिंगमध्ये. तीच आज आपण नीट समजून घेऊ.

समोर दिसणारा नंबर येतो कुठून?

पूर्वी पोस्टाने पत्र यायचं, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा. तो पत्ता पाठवणाराच लिहायचा. पोस्टमन काही तो खरा की खोटा ते तपासायचा नाही. कॉलर आयडीचं बरंचसं तसंच आहे.

नेटवरून फोन लावणारी बरीच ॲप्स एसआयपी नावाची पद्धत वापरतात. तुम्ही कॉलचं बटण दाबलं की ॲप कंपनीच्या सर्व्हरला एक छोटा मजकूर पाठवतं. त्यात 'कोणाला' आणि 'कोणाकडून' अशा दोन ओळी असतात. 'कोणाकडून'मध्ये काय लिहायचं, ते तुमच्या सेटिंगवर ठरतं. प्रामाणिक कंपनी तो नंबर खरंच तुमचा आहे का ते तपासते आणि मगच पुढे पाठवते. तपासलं नाही, तर तोच खोटा नंबर पुढे जाऊ शकतो.

त्यानंतर कॉल तुमच्या ॲपच्या कंपनीकडून परदेशी कॉल वाहून नेणाऱ्या कंपनीकडे, तिथून भारतातल्या गेटवेवर आणि शेवटी मावशीच्या सिमकार्डच्या कंपनीकडे जातो. वाटेत कुठेही नंबर गळू शकतो किंवा बदलू शकतो. म्हणून सेटिंग बरोबर असूनही कधी कधी समोर 'अननोन' दिसतं.

तुम्ही कोणत्या प्रकारचा कॉल करता?

सेटिंगला हात लावण्याआधी हे ठरवा, कारण प्रत्येक प्रकारात गोष्ट वेगळी आहे.

१. वाय-फाय कॉलिंग. भंडारदऱ्याकडे किंवा डोंगराच्या कुशीतल्या गावात घरात रेंज नसते, पण वाय-फाय असतं. तिथे हे सगळ्यात सोपं. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च बॉक्समध्ये 'वाय-फाय कॉलिंग' शोधा आणि चालू करा. कॉल नेटवरून जातो, पण समोर तुमचा नेहमीचाच सिमचा नंबर दिसतो. इथे कॉलर आयडी वेगळा लावावा लागत नाही. दोन सिम असतील तर कॉलसाठी कोणतं सिम निवडलंय तेवढं बघा, कारण त्याच सिमचा नंबर दिसणार.

२. व्हॉट्सॲपसारखी ॲप्स. यात ज्या नंबरवर खातं उघडलंय तोच दिसतो. परदेशात नवं सिम घेतलं तरी व्हॉट्सॲप जुन्या नंबरवरच राहतं. तो बदलायचा तर अकाउंट सेटिंगमध्ये 'चेंज नंबर' करावं लागतं. आणि समोरच्याने 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू केलं असेल, तर तुमचा नंबर त्याच्याकडे सेव्ह नसल्यास रिंगच वाजणार नाही.

३. नेटवरून थेट साध्या फोनवर लागणारे कॉल. दादाचं ॲप याच प्रकारचं. कॉलर आयडीची खरी सेटिंग इथेच असते.

सेटिंग कशी करायची?

ॲपमध्ये किंवा कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करा. 'कॉलर आयडी' किंवा 'व्हेरिफाइड नंबर्स' असा पर्याय शोधा. तिथे तुमचा नंबर टाका. त्यावर एसएमएसने किंवा फोनवर ओटीपी येईल. तो टाकला की नंबर तुमचाच आहे हे सिद्ध होतं. मग तो नंबर 'आउटगोइंग'साठी निवडा आणि सेव्ह करा.

नंबर टाकताना देशाच्या कोडसकट टाका. आधी अधिकचं चिन्ह, मग देशाचा कोड, मग नंबर. मध्ये शून्य नको. लँडलाइनच्या बाबतीत लोक इथेच चुकतात. नगर शहराचा एसटीडी कोड ०२४१. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण कोड तोच. आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिताना पुढचा शून्य गाळून +९१ २४१ आणि मग उरलेला नंबर असं लिहायचं. संगमनेरचा ०२४२५ असेल तर +९१ २४२५. शून्य तसाच ठेवला तर काही सिस्टीम नंबर नाकारतात, काही भलताच दाखवतात.

झॉयपर किंवा लिनफोनसारखं ॲप वापरत असाल तर तिथे 'डिस्प्ले नेम' आणि 'युजरनेम' अशा जागा दिसतील. डिस्प्ले नेममध्ये स्वतःचं नाव टाकलं म्हणून मावशीच्या फोनवर ते नाव दिसेल असं समजू नका. साध्या फोनवर नाव येतं ते तिच्या फोनमध्ये सेव्ह असलेल्या नंबरवरून. आणि युजरनेम कंपनीने दिलंय तसंच ठेवा. ते बदललं की बहुतेक वेळा कॉलच नाकारला जातो.

दादाचं नेमकं काय चुकलं?

दादाने सुरुवातीला आपला जुना भारतातला नंबर कॉलर आयडी म्हणून लावला होता. ओटीपी घालून, रीतसर. आईला ओळखीचा नंबर दिसावा एवढाच हेतू. काही दिवस चाललं, मग कॉल लागेनासे झाले.

याचं कारण समजून घ्या. परदेशातून फोन करायचा आणि समोर +९१ चा नंबर दाखवायचा, ही फसवणूक करणाऱ्या टोळ्यांची आवडती युक्ती. म्हणून दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ ला असे कॉल ओळखून अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले गेले. तुमचा हेतू चांगला आहे की वाईट, हे यंत्रणेला कळत नाही. तिला एवढंच दिसतं, की कॉल परदेशातून आलाय आणि नंबर भारतातला आहे.

कॉल लागत नाहीत म्हणून दादाने ती सेटिंगच बंद केली. आता सेटिंग बंद असली की त्याचं ॲप स्वतःकडच्या साठ्यातला कुठलाही नंबर पुढे करतं. म्हणून मावशीला दर वेळी नवा नंबर दिसत होता.

उपाय साधा निघाला. दादाने आपल्या कॅनडाच्या सिमचा नंबर ओटीपीने व्हेरिफाय करून लावला. मग एक मिस कॉल दिला. मावशीच्या फोनवर तो जसा दिसला तसाच, कॉल लिस्टमधूनच, मी त्याच्या नावाने सेव्ह करून दिला. हाताने टाइप करण्यापेक्षा हे बरं, आकडा चुकत नाही. पुढच्या कॉलला स्क्रीनवर नाव आलं आणि मावशीने पहिल्याच रिंगला उचलला.

दुसऱ्याचा नंबर दाखवू नका, गंमत म्हणूनही नाही

'कोणाच्याही नंबरवरून मित्राला फोन करा' अशा ॲप्सच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. लांब राहा. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ च्या कलम ४२ नुसार टेलिकॉम ओळखीत छेडछाड करणं गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. शिवाय भारतातल्या भारतात नेटवरून फोन लावण्याची सेवा हवी असेल, तर ती परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्या.

आता दुसरी बाजू

तुम्ही तुमचा नंबर कितीही प्रामाणिकपणे लावा, समोरून येणाऱ्या कॉलचं काय? दिसणारा नंबर हा पुरावा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. बँकेचा नंबर दिसला म्हणून बँकच बोलतेय असं नाही.

यावर एक साधी युक्ती आहे. शंका आली की फोन ठेवा आणि पासबुकवर किंवा अधिकृत वेबसाइटवर असलेला नंबर स्वतः डायल करा. येणाऱ्या कॉलवर खोटा नंबर दाखवता येतो, पण तुम्ही स्वतः लावलेला कॉल त्या नंबरच्या खऱ्या मालकाकडेच जातो.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. संशयास्पद कॉल आला, पण पैसे गेले नाहीत, तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये तक्रार करा. भारतातला नंबर दाखवणारा परदेशी कॉल आला, तर त्याची तक्रार करण्यासाठीही तिथे वेगळा पर्याय आहे.

शेवटी एक काम आजच करा. तुमच्या नेट कॉलच्या ॲपमधून घरातल्याच दुसऱ्या फोनवर एक कॉल लावा आणि तिथे काय दिसतं ते स्वतः बघा. आमच्या घरात हे बघायला दवाखान्याची रात्र उजाडावी लागली. तुमच्याकडे पाच मिनिटांत होईल.