पिशवी काढण्यापूर्वी

भाद्रपद जवळ आला की औषधांच्या दुकानात एक गोळी हळू आवाजात मागितली जाते. पाळी पुढे ढकलण्याची. दशलक्षण पर्वात पूजेला बसायचे असते, घरी चौका लागणार असतो, आणि अडचण नेमकी त्याच दिवसांत येऊ नये एवढीच इच्छा असते. मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून पाण्याच्या खजिन्यापर्यंत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घरांतील स्त्रियांना ही गोळी चांगली ठाऊक आहे. एखादीला मात्र असेही जाणवते की गोळी चालू असेतोवर ओटीपोटातील ती नेहमीची कळही थांबते. हा योगायोग नसतो. अशा गोळीत सहसा असणारे नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन एंडोमेट्रिओसिस या विकारावरही दिले जाते.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा थर या विकारात गर्भाशयाबाहेर रुजतो: बीजकोशांवर, आतड्यांजवळ, मूत्राशयाच्या आवरणावर. पाळीच्या चक्राबरोबर तोही सुजतो, त्यातूनही रक्त झिरपते. हळूहळू आतील अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात साकळलेल्या रक्ताची गाठ होते, तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास स्त्रिया व मुलींना हा विकार आहे. एवढा सर्वत्र असूनही त्याचे निदान होण्यात वर्षे जातात, कारण ‘पाळीत दुखायचेच’ हे वाक्य आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे वारशासारखे चालत येते.

अशा घरातील एखादी सून डोळ्यांपुढे आणावी. वय अडतीस, दोन मुले. पाच वर्षांपूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गाठ काढली होती, आता सोनोग्राफीत ती पुन्हा दिसते आहे. सासूबाई मायेनेच सांगतात, “अगं, मुले झाली, आता पिशवी ठेवून काय करायचे? काढून टाक आणि मोकळी हो.” थोरल्या जाऊबाईंची काढली, त्या बऱ्या आहेत. मेडिक्लेमचा प्रतीक्षाकाळ संपलेला आहे. शस्त्रक्रियेचे बिल विमा कंपनी देईल, दरमहा घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचे पैसे बहुधा देणार नाही. हिशेब सरळ दिसतो.

पण या हिशेबात एक रक्कम चुकीच्या खाती पडली आहे. जाऊबाईंची पिशवी ज्या कारणासाठी काढली, ते कारण हे नव्हे. फायब्रॉइड गर्भाशयात असतो. गर्भाशय गेले की तोही जातो. एंडोमेट्रिओसिस मुळातच गर्भाशयाबाहेर असतो. केवळ पिशवी काढली आणि बाहेरचे रुजलेले थर तसेच राहिले, तर वेदनाही राहू शकते. युरोपातील मानवी प्रजननशास्त्राच्या तज्ज्ञ संघटनेने २०२२ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूत्रे याच मुद्द्यावर स्पष्ट आहेत. मूल नको आहे आणि इतर उपचार निष्फळ ठरले आहेत, अशा स्त्रीसाठी गर्भाशय काढण्याचा विचार करावा, त्याच वेळी दिसणारे सर्व रुजलेले थरही काढावेत, आणि याने विकार मुळापासून जाईलच असे नाही, हे तिला आधी सांगावे.

ब्रिटिश कादंबरीकार हिलरी मँटेल यांची कहाणी या संदर्भात नेहमी आठवते. बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाची पुस्तके वाचून त्यांनी स्वतःच आपला विकार ओळखला. तोवर डॉक्टरांनी त्यांच्या वेदनेला मनाचा आजार ठरवले होते. १९७९ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. विकार पुढे परतला. दोनदा बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखिकेने आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे.

याचा अर्थ शस्त्रक्रिया नेहमी चुकीची, असा मुळीच नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सात वर्षे पुन्हा शस्त्रक्रिया न लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोजले गेले. केवळ रुजलेले थर काढलेल्यांत ते सुमारे ४५ टक्के होते, बीजकोश राखून गर्भाशयही काढलेल्यांत ७७ टक्के, आणि बीजकोशही काढलेल्यांत सुमारे ९२ टक्के. फरक मोठा आहे. मात्र तिशी ते चाळिशीच्या दरम्यानच्या स्त्रियांत बीजकोश काढल्याने म्हणावा तसा अधिक लाभ दिसला नाही. आपल्या अडतीस वर्षांच्या सुनेच्या दृष्टीने ही ओळ सर्वांत मोलाची. कारण बीजकोश काढणे म्हणजे एका दिवसात रजोनिवृत्ती: अंगातून वाफा, झोप उडणे, हाडे ठिसूळ होऊ लागणे, हृदयविकाराचा वाढता धोका. हार्मोनचे औषध त्यानंतरही वर्षानुवर्षे घ्यावे लागू शकते. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत बीजकोश काढले की राखले हे कळत नाही, आणि घरोघरी चौकशीही तेवढ्यावरच थांबते.

म्हणून डॉक्टरांना विचारायचे ते हे, की दुखणे नेमके कोठून येते आहे. अस्तराचा थर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरला असेल, ज्याला अॅडेनोमायोसिस म्हणतात, तर गर्भाशय काढण्याचा लाभ खरा असतो. अनेक स्त्रियांत दोन्ही विकार एकत्र असतात. एमआरआयने ते बऱ्याच अंशी कळते. आतड्यापर्यंत विकार गेला असेल तर शस्त्रक्रियेच्या वेळी आतड्यांचे सर्जन उपस्थित असतील का, हाही प्रश्न संकोच न करता विचारावा.

गर्भाशयाच्या या घाईचा महाराष्ट्राने एक कटू अनुभव घेतला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीसाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडे वर आहे. या स्त्रियांच्या मागे ‘खाडा’ होता. पाळीमुळे कामाचा दिवस बुडाला की मुकादम दंड कापतो. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक सूत्रे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

मंगळवार पेठेतील सुस्थित घरात मुकादम नाही. खाडा मात्र आहे. महिन्यातील पाच दिवस स्वयंपाकघर बंद, मंदिर बंद, मुनिमहाराजांच्या आहाराला हात लावता येत नाही. हा विकार असलेल्या स्त्रीचे पाच दिवस कधी दहा होतात. डायनोजेस्टची गोळी सुरू केली की पहिले काही महिने मधूनमधून डाग लागतो. त्या प्रत्येक डागाला बाजूला बसावे लागले की ती स्त्री गोळीच सोडते, वेदना परतते, आणि ‘औषध लागू पडले नाही’ असा शेरा बसतो. औषधाला पुरता अवधीच मिळालेला नसतो. घरातील वडीलधाऱ्यांनी, आणि हवे तर माताजींना विचारून, या डागांबाबत काही सवलतीचा मार्ग काढला तर कदाचित एक शस्त्रक्रिया टळेल.

गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. रात्री पाणीही न घेणाऱ्यांनी ती वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवावी. पर्वातील निर्जळ उपवास करायचा असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावे, परस्पर गोळी बंद करू नये. रोजची गोळी नको असेल त्यांना गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन काही वर्षे उपयोगी पडते. हे सारे करूनही वेदना हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असेल.

तो निर्णय कोणाचा, हे न्यायालयाने सांगून ठेवले आहे. दिल्लीतील एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ मध्ये दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. डॉक्टरांनी कारण दिले ते एंडोमेट्रिओसिसचेच. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान, सक्षम स्त्रीच्या वतीने आईची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे. पेठेतील घरांत असा फॉर्म सहसा पतीच्या हाती दिला जातो, आणि तो दुकानाच्या घाईत सही करून मोकळा होतो. तो फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून आणता येतो. बीजकोशांबद्दल त्यात काय लिहिले आहे, ते सुनेने स्वतः वाचावे, आणि सहीची पहिली जागा तिची आहे.